आजींना घरातच त्रास होतोय: पोलीस ठाणे की प्रांत कार्यालय?

मारहाण, उपाशी ठेवणं, खोलीत कोंडणं असं काही असेल तर विचार करत बसू नका, ११२ फिरवा. पोलीस दारात आले की निदान त्या रात्रीपुरता तरी हात आवरतो. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणं हा २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने दखलपात्र गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पोलीस दरमहा औषधाचे पैसे मिळवून देणार नाहीत. शिवाय ‘पोटच्या पोरावर केस कशी करू?’ म्हणत आजी तक्रार मागे घेतात, हेही नेहमीचंच.

खरा उपयोग मला प्रांताकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) निर्वाह न्यायाधिकरणाचा वाटतो, म्हणजे मुलांकडून पालकांना खर्च मिळवून देणाऱ्या व्यवस्थेचा. आजींना जिने चढवत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. आधी समेटाचा प्रयत्न होतो. नाहीच जमलं तर दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश निघतो. निकाल लागेपर्यंतच्या अंतरिम रकमेचा अर्ज निकाली काढायला ९० दिवसांची मुदत आहे. तेवढे दिवस कमी नसतात, म्हणून घरात भीती असेल तर आधी पोलीसच. बक्षीसपत्र करून दिलं असेल तर ते सोबत न्या: ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ अशी ओळ त्यात असली आणि सांभाळ होत नसला, तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं.

कुठे जावं तेच कळत नसेल तर १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन. आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत प्रांताकडच्या अर्जाला जोडा. दोन्ही कार्यालयं आपणहून एकमेकांना कळवतील या भरवशावर राहू नका.