ताटीचा संच, नऊ महिन्यांनंतर: जाळी टिकली, वरच्या दोरीने घात केला

वेली चढवायच्या ताटीसाठी, म्हणजे उभ्या आधारासाठी, घेतलेल्या या संचाला जूनमध्ये मी पाचपैकी चार तारे दिले होते. ते आधी मागे घेतो. ऑगस्टमध्ये दोन्ही वरचे कोपरे तुटल्यावर तारे दोनवर आले आणि आता, फेब्रुवारीत, तीनवर थांबतो आहे. हा तिसरा ताराही संचाच्या मूळ रूपाला नाही, त्यातल्या जाळीला आणि पाइपांना आहे.

संच ऑनलाइन सगळीकडे दिसतो तोच. हिरवा प्लास्टिकचा मुलामा असलेले लोखंडी पाइप, उभे दोन, प्रत्येकी सहा फूट, तीन तुकडे जोडून. प्लास्टिकचे कोपरे. १५ सेंटिमीटर चौकडीची नायलॉनची जाळी, १८० बाय १५० सेंटिमीटर. किंमत १,३४९ रुपये. वर आडवा पाइप नाही. त्या जागी जाळीच्या काठात ओवलेली नायलॉनची दोरी दोन कोपऱ्यांत अडकवून ताणायची. सगळा बिघाड या एका दोरीत आहे, म्हणून पुढचे बरेचसे तिच्याविषयीच लिहितो.

वापर नवी मुंबईतल्या नेरुळच्या रो-हाऊसच्या गच्चीवर. एका बाजूने खाडीचा वारा, आडोसा कुठलाच नाही. जूनमध्ये वेलीची चवळी आणि वाल, नोव्हेंबरमध्ये मटार.

कोपरे वादळात तुटले असते तर समजू शकलो असतो. जुलैतल्या जोरदार वाऱ्यात ते शाबूत राहिले. ऑगस्टमध्ये पाऊस थांबला, दोन दिवस कडक ऊन पडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला कोपरा फाटला. चार दिवसांनी पुन्हा उघडीप मिळाली तेव्हा दुसरा. कारण नायलॉनच्या स्वभावात आहे. नायलॉन पाणी शोषते, ओले झाले की सैलावते आणि लांबते. पावसात वेल खाली झुकलेला दिसतो, म्हणून आपण दोरी आणखी ताणून बांधतो. ऊन पडले की तीच दोरी आखडते आणि ओलेपणी घेतलेला ताण कित्येक पटींनी वाढून कोपऱ्यावर येतो. संचासोबतच्या कागदावर ‘झोल पडल्यास दोरी पुन्हा ताणा’ असे छापले आहे. हीच सूचना कोपरे तोडते.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. आडव्या दोरीवर भार सारखा पसरलेला असेल, तर टोकांना बसणारी आडवी ओढ म्हणजे एकूण भार गुणिले लांबी, भागिले आठ पट झोल. पावसात भिजलेल्या वेलींचा भार १२ किलो धरा, लांबी १८० सेंटिमीटर. झोल १५ सेंटिमीटर असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर १८ किलोची ओढ येते. दोरी ताणून झोल पाचवर आणला की तीच ओढ ५४ किलो होते. भार बदललेला नाही, आपण दोरी सरळ दिसावी म्हणून हट्ट केला एवढेच. दोरी पूर्ण सरळ राहूच शकत नाही. जेवढी सरळ करायला जाल तेवढे दोन्ही खांब आत ओढले जातात. वर आडवा बांबू असेल, तर तेच १२ किलो सहा-सहा असे दोन्ही खांबांवर सरळ खाली उतरतात आणि आतली ओढ राहतच नाही. एका आडव्या पाइपाचा खर्च वाचवण्यासाठी संच बनवणाऱ्यांनी हे केले असावे. माझ्या मते ही बचत नाही, चूक आहे.

विक्रेत्याकडे कोपऱ्यांची मागणी केली. ‘उघड्यावर वापरल्याने झालेली झीज’ असे कारण देऊन नकार आला. फोटो, बिल, तुटलेल्या जागेचे मोजमाप, सगळे दोनदा पाठवले. बागेतला संच उघड्यावर वापरण्यासाठीच विकला जातो, त्यामुळे हे कारण मला मान्य नाही. सुटे कोपरे ते विकतही नाहीत, म्हणजे एक कोपरा गेला की पूर्ण संच नवा घ्यायचा.

तो घेतला नाही. त्याऐवजी आठ बांबू आणि काथ्याची दोन बंडले आणली. बांबू ६४० रुपये, काथ्या १६० रुपये. या ८०० रुपयांत जी ताटी उभी राहिली ती अजून हललेली नाही आणि संचाची जाळी तिच्यावरच लटकते आहे.

बांबू घेताना वखारीत माणगा मागा. कोकणातला हा बांबू जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात आणि सव्वा इंच जाडीचाही सहज वाकत नाही. पोकळ बांबूची टोके पेराच्या लगत वरच्या बाजूला कापा, म्हणजे तोंड बंद राहते आणि आत पाणी साचत नाही. बुंध्याशी पिवळट पीठ सांडलेले दिसले तर तो बांबू घेऊ नका, भुंगा आत शिरलेला असतो.

बांधणी कैचीची. सात फुटी चार बांबू पायांसाठी. दोन-दोनची जोडी वरच्या टोकापासून सहा इंचांवर बांधायची आणि खाली तीन फूट फाकवायची. वरच्या खाचेत सात फुटी आडवा बांबू बसतो, हाच कणा. गाठीसाठी अडीच मीटर काथ्या लागतो: दोन्ही बांबूंभोवती आठ वेढे, मग दोन बांबूंच्या फटीतून तेच वेढे आवळणारे तीन आडवे वेढे आणि शेवटी निरगाठ. हे आडवे वेढे बहुतेक लोक सोडतात आणि मग पंधरा दिवसांत गाठ सरकते. काथ्या बांधण्याआधी अर्धा तास भिजवा. सुरगाठ फक्त जिथे पुढे सोडायचे आहे तिथेच. एका बाजूला तिरका बांबू, एका कैचीच्या पायापासून दुसऱ्या कैचीच्या माथ्यापर्यंत. तो नसेल तर ताटी लांबीच्या दिशेने डुलते आणि एक दिवस पत्त्यासारखी आडवी होते. उरलेले दोन बांबू दोन्ही बाजूंना, रोपे लावलेल्या मातीच्या पिशव्यांच्या वर वीतभर अंतरावर आडवे.

गच्चीवर पाय रोवायचे कुठे, हा खरा प्रश्न. स्लॅबला किंवा कठड्याला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंगचा थर फाटतो आणि गळती खाली भलत्याच ठिकाणी दिसते. प्रत्येक बाजूला १५ बाय १५ इंची तीन पिशव्या ठेवल्या, कैचीचे पाय कडेच्या पिशव्यांत. पायाच्या टोकाला वीतभर बांबूचा तुकडा आडवा बांधायचा, तो पिशवीच्या तळाशी टेकवायचा आणि मगच माती भरायची. नंतर खुपसलेला पाय वाऱ्याने उपटतो. आडवा तुकडा मातीखाली असेल तर वाऱ्याला अख्खी पिशवी उचलावी लागते. ओली पिशवी ३५ किलोच्या आसपास भरते. सहा पिशव्या मिळून २१० किलो, सव्वादोन चौरस मीटरवर पसरलेले, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरलेला आहे, त्यात हे बसते. तरी पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात.

वाऱ्याचा अंदाज लोक नेहमी कमी करतात. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला १४ किलो दाब देतो. पानांनी गच्च भरलेली संचाची जाळी २.७ चौरस मीटर, म्हणजे ३८ किलोचा धक्का. एका रांगेतल्या दोन खांबांना तो पेलण्यासाठी पायात रुंदी नसते. सिमेंट भरलेल्या डब्यांत पाइप रोवण्याचा सल्ला बरेच जण देतात. दहा लिटरच्या डब्यात सुमारे २३ किलो काँक्रीट मावते, पण डब्याचा तळ वीतभर असल्याने तो वजन असूनही कलंडतो. कैचीत तीन फुटांची रुंदी मिळते आणि वाऱ्याकडचे दोन पाय मिळून ४० किलोच्या आसपास उचल सहन करतात, पायामागे २० किलो. पिशवी ३५ किलोची आहे, पुरते. पावसाळ्यात ताटीची लांबी वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे साधारण नैऋत्य ते ईशान्य ठेवली की दाब आणखी उतरतो.

आता जाळीबद्दल मत बदलले ते सांगतो. ऑगस्टपर्यंत मला वाटत होते की नायलॉनची जाळीच फेकून द्यावी. कण्यावर दर वीतभर अंतराने काथ्याने बांधल्यावर तिच्यातला झोल त्रास देईनासा झाला, कारण आता ती फक्त लटकते, तिच्यावर ताण नाही. नऊ महिन्यांत धागा कुठेही तुटलेला नाही. चौकडीतून हात आरपार जातो, शेंग अडकत नाही. जाळी बांधायला संचासोबत आलेले पांढरे केबल टाय मात्र उन्हात तीन महिन्यांत ठिसूळ होऊन तुटले. केबल टाय वापरायचेच असतील तर काळे घ्या, त्यातल्या काजळीमुळे ते ऊन जास्त सोसतात. जाळीचा खालचा काठ जमिनीपासून सहा इंच वर हवा. खाली लोळणाऱ्या जाळीत सरडे अडकतात, आणि अंगणात असेल तर धामणही.

तरीही चवळी आणि वालासाठी जाळी लागतच नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. या वेली खोडानेच वेढे घेत चढतात. त्यांना उभी दोरी हवी असते, आडवे धागे त्या ओलांडून जातात. दुसऱ्या बाजूला मी कण्यापासून खालच्या बांबूपर्यंत २० सेंटिमीटर अंतराने काथ्याच्या दहा दोऱ्या सोडल्या, एकूण २२ मीटर. तिकडची वाढ जाळीपेक्षा सरस होती, आणि हंगाम संपल्यावर दोऱ्यांसकट वेल कापून थेट कंपोस्टमध्ये टाकता आला. जाळीतून वाळलेले वेढे सोडवायला पूर्ण सकाळ जाते. दोरी खालच्या बांबूला बांधा, रोपाच्या खोडाला नको. वाऱ्यात कणा हलला की रोप मुळासकट वर ओढले जाते. काथ्याऐवजी सुतळी पावसाळ्यात वापरू नका. ती मातीच्या जवळ दोन महिन्यांत कुजते, नेमकी वेल भरात असताना.

वेल हाताने वळवून द्यायचा असेल तर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. चवळी, घेवडा, वाल तिघांचीही दिशा हीच. उलटा गुंडाळलेला शेंडा दोन दिवसांत स्वतःहून सुटतो. संचाच्या गुळगुळीत पाइपांवर वालाचा वेल वजनाने खाली घसरतो; पाइपावर दर फुटाला काथ्याचे चार वेढे घट्ट गुंडाळले की थांबतो.

बियाणे घेताना पाकीट वाचा. अर्का जय, अर्का विजय हे वाल बुटके आहेत, त्यांना ताटी लागत नाही. वेलीचा वाल जूनमध्ये लावला तरी दिवस लहान झाल्यावरच फुलावर येतो, म्हणजे चार महिने निव्वळ पाला पेलायची तयारी हवी. ताटीची परीक्षा शेंगांच्या दिवसांत होत नाही, ऑगस्टच्या ओल्या पाल्यात होते.

मटाराचे वेगळे. तो तणाव्यांनी, म्हणजे पानांच्या टोकाच्या बारीक कुरळ्या तंतूंनी, धरतो आणि तणाव्याला बारीक आधार लागतो. बांबूभोवती किंवा पाइपाभोवती त्याचा वेढा बसत नाही. १५ सेंटिमीटरची चौकडी त्याला मोठी पडते, शेंडा मधल्या पोकळीत लोंबतो आणि मोडतो. जाळीत १०-१० सेंटिमीटरवर आडवी बारीक सुतळी ओवली, मग जमले; पाऊस नसल्याने इथे सुतळी चालते. अर्केल मटार गुडघ्याच्या थोडा वर जातो. त्याला फांद्या फुटलेल्या वाळक्या काटक्या पुरतात, पेरतानाच रोवाव्यात, नंतर रोवल्या तर मुळे दुखावतात. गिरिपुष्पाच्या ताज्या काटक्या वापरू नका, पिशवीतच मुळे धरतात. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यावर केली, म्हणजे फुले डिसेंबरअखेर थंडीत सापडतात. नवी मुंबईत पारा ३० अंशांवर गेला की मटाराची फुले गळायला लागतात, आणि त्यावर कोणत्याही ताटीचा इलाज नाही.

पाइपांची स्थिती: जोडाच्या तीन ठिकाणी मुलामा चिरला आणि आत गंज दिसतो, खाडीच्या हवेत तो वाढणारच. चिरलेल्या जागी रेड ऑक्साइडचा हात देऊन ते सध्या जाळीच्या दोन्ही कडांना उभ्या काठ्या म्हणून वापरतो आहे. ज्यांच्याकडे हा संच आहे आणि कोपरे अजून शाबूत आहेत, त्यांनी पावसाळ्याआधी वरची दोरी सोडून सात फुटी बांबू टाकावा. कोपऱ्यांत तो बसत नाही. खांबांच्या माथ्याला काथ्याने आठ वेढे आणि तीन आडवे वेढे देऊन बांधायचा, आणि खांबांना दोन्ही बाजूंनी कैचीचा आधार द्यायचा.