नवरीचे पॅकेज: केसांना पैकीच्या पैकी, क्रीमला शून्य

माझ्या भाचीचे लग्न यंदा एप्रिलच्या अखेरीस कुडाळला झाले आणि तिला नटवण्याचे काम आम्ही तिथल्या बाजारपेठेतल्या एका ब्युटी पार्लरला दिले होते. ‘नवरी पॅकेज’ असे त्याचे नाव आणि किंमत 22,000 रुपये. त्यात लग्नाआधीच्या महिन्यात तीन फेशियल, एक ट्रायल, हळदीचा आणि लग्नाचा मेकअप, केशरचना, नऊवारी नेसवणे, वापरून परत करायची पैठणी आणि ‘घरी लावायचे ग्लो क्रीम’ एवढे सारे येत होते. पार्लरचे नाव मी येथे लिहीत नाही. क्रीमच्या डबीचे प्रकरण जिथे द्यायचे तिथे मी लेखी दिले आहे, आणि असे पॅकेज सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत कोणत्याही पार्लरमध्ये मिळते, त्यामुळे एका पाटीवर बोट ठेवून बाकीच्यांना मोकळे सोडण्यात अर्थ नाही.

आधी जे चांगले झाले ते सांगते. या पार्लरमधल्या केशरचनेला तोड नाही. भाचीचे केस लांब पण विरळ आहेत. त्यांत गंगावन घालून बांधलेला अंबाडा पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, म्हणजे वरातीत नाचून झाल्यानंतरही, जागचा हलला नाही. काटे किती लावले ते रात्री आम्ही मोजले: 43. त्यांतला एकही टोचत नव्हता, ही कला आहे. फुलांच्या बाबतीतही त्यांनी हात आखडता घेतला नाही. प्लॅस्टिकच्या मोगऱ्याचे गजरे हल्ली सर्रास माळतात, कारण ते कोमेजत नाहीत आणि पुढच्या नवरीलाही चालतात. येथे मात्र अबोलीचे ताजे वळेसर होते, आणि हंगाम सरत आला असतानाही सुरंगीचा एक छोटा वळेसर कुठून तरी मिळवून आणला होता. सुरंगीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे मोल सांगायला नको. नऊवारी नेसवणारी बाईही तरबेज होती. तयार शिवलेली नऊवारी चढवण्याऐवजी तिने खरोखरची साडी नेसवली आणि कासोटा असा घट्ट बसवला की सप्तपदीत कुणाला निऱ्या सावरत मागे धावावे लागले नाही.

पैठणीबद्दल मात्र थोडक्यात नाराजी नोंदवते. ‘हातमागाची येवल्याची’ असे सांगून दिलेल्या त्या साडीचा पदर मी उलटा करून पाहिला, तर मोरांच्या मागे सुट्या धाग्यांचे जंजाळ होते. हातमागावर विणलेल्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्याइतकाच नेटका दिसतो, हे ती विकत घेणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तपासत आल्या आहेत. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागाची साडी नेसण्यात काही कमीपणा नाही. यंत्रमागाची साडी देऊन विणकराचे नाव सांगण्यात आहे.

आता क्रीमकडे वळते. त्यासाठीच हे परीक्षण लिहायला घेतले आहे.

मी 26 वर्षे कणकवलीत औषधांचे दुकान चालवले. मार्चच्या शेवटी भाची पुण्याहून आली तेव्हा तिच्या गालांवर एक विचित्र तुकतुकीत लाली दिसली. ऊन बाधले असेल असे सगळे म्हणाले. मी तिला काय लावतेस म्हणून विचारले, तर तिने पर्समधून अंगठ्याएवढी पांढरी डबी काढली. झाकणावर छापील चिकटपट्टी होती आणि तिच्यावर दोनच शब्द होते: ‘ग्लो क्रीम’. उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, वापराची मुदत नाही, घटकांची यादी नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे, अगदी लहान डब्यांना असलेल्या काही सवलती सोडल्या तर, हे सगळे वेष्टनावर असणे बंधनकारक आहे, आणि ज्या डबीवर यांतले काहीच नाही ती डबी कुणाच्या आईने घरी केली असली तरी मी चेहऱ्याच्या जवळ आणू देणार नाही. पहिल्या फेशियलला ती डबी मिळाली होती आणि नऊ रात्री लावून झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी भाचीबरोबर पार्लरमध्ये गेले. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या. तिथे काम शिकणाऱ्या मुलीला मी साधेपणाने विचारले की हे क्रीम फार छान आहे, मला एक डबी मिळेल का. तिने तितक्याच साधेपणाने खालचा खण ओढला. आत रिकाम्या डब्या, आइस्क्रीमचा लाकडी चमचा आणि शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत पिळून काढलेल्या सात-आठ ट्यूबा होत्या. मी एक ट्यूब उलगडली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. डाव्या कोपऱ्यात आरएक्स हे चिन्ह, आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना. त्या ट्यूबांमधले औषध कोणत्या तरी साध्या मॉइश्चरायझरमध्ये कालवून डब्या भरल्या जात होत्या.

हे तिघे एकत्र का दिले जातात ते माहीत असल्याशिवाय यातली गोम कळणार नाही. हायड्रोक्विनोन त्वचेतले रंगद्रव्य तयार होण्याचा वेग मंदावते, ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर झडायला लावते, आणि या दोघांमुळे होणारी जळजळ मोमेटासोन हे स्टेरॉइड दाबून टाकते. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण ठरावीक दिवस, रोज रात्री, देखरेखीखाली देतात आणि तिथे ते उपयोगी पडते. सुदृढ कातडीवर लावले तर दोन-तीन आठवडे चेहरा काचेसारखा नितळ दिसतो. नेमके तेवढेच दिवस नवरीला हवे असतात! नंतर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, आणि थांबवायला जावे तर चेहरा असा भडकतो की बाई घाबरून पुन्हा तीच डबी उघडते. एप्रिलच्या उन्हात ट्रेटिनॉइन लावून फिरणे किती शहाणपणाचे, आणि लग्नानंतर लगेच दिवस गेले तर काय, हे प्रश्न त्या खणापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

येथे स्वतःबद्दलही सांगायला हवे. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’ खाली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आणली. तोवर बाहेरून लावायच्या औषधांना असलेल्या सवलतीमुळे अशा ट्यूबा चिठ्ठीशिवाय देण्यात कायद्याची अडचण नव्हती, आणि मी त्या दिल्या आहेत. ‘गोरं करणारी ट्यूब द्या’ म्हणून कॉलेजातल्या मुली येत, पन्नासाची नोट ठेवत, आणि मी फारतर ‘डोळ्यांजवळ लावू नको’ एवढे सांगत असे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड केली तेव्हा कुठे तो बदल झाला. त्यामुळे पार्लरवर रागावताना माझा आवाज पूर्ण चढला नाही, हे खरे.

तरीही या प्रकरणात आपण स्वस्तात सुटलो, असे मला वाटते, कारण निदान ट्यूबवर काय आहे ते वाचता तरी आले. बिननावाच्या उजळ करणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो. तोही रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणतो, पण कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. 2023 मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या रुग्णांची चौकशी करताना डॉक्टरांना बहुतेकांच्या वापरात अशीच क्रीमे आढळली होती.

मालकीणबाई आल्यावर मी हे त्यांच्यापुढे मांडले. त्या चिडल्या नाहीत. “काकू, सगळ्या नवऱ्यांना देते, आजवर कुणाची तक्रार नाही,” असे आधी म्हणाल्या, आणि मग जे बोलल्या त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. “नवरी फोटोत काळपट दिसली तर शिव्या कुणाला? तुमच्याच घरातून फोन आला होता, जरा उजळ करा म्हणून.” फोन माझ्या बहिणीने केला होता. याच बहिणीने स्थळांना पाठवायच्या माहितीपत्रकात लख्ख सावळ्या मुलीच्या रंगापुढे ‘निमगोरा’ असे लिहिले होते. ‘गव्हाळ’ लिहायलाही तिचा हात धजावला नव्हता. 1975 मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला, त्याची केवढी बातमी झाली होती. कुडाळच्या डबीवरही तोच शब्द होता. नाव बदलले की मागणी बदलते, असे निदान आमच्या घरात तरी झालेले नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी क्रीम बंद करून साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन सुचवले, उरलेली दोन फेशियल आम्ही रद्द केली, आणि आगाऊ रक्कम अडकली होती म्हणून, शिवाय केशरचनेच्या लोभानेही, बाकीचे काम त्याच पार्लरकडे ठेवले. लाली उतरायला जवळजवळ तीन आठवडे लागले. ट्रायलच्या वेळी भाचीने स्वतः आरशासमोरून उठून दाराशी उजेडात उभे राहून फाउंडेशन निवडले. तिच्या रंगाला जुळणारे एकच होते आणि तेही तळाशी; फिक्या रंगांच्या मात्र नऊ बाटल्या होत्या. 2017 मध्ये रिहानाच्या फेंटी ब्युटीने एकदम 40 छटा बाजारात आणल्या, तेव्हा सौंदर्यप्रसाधनांच्या जगात मोठी चर्चा झाली होती. कुडाळच्या त्या फळीवर अजून तरी तिचा पडसाद उमटलेला नाही.

लग्नाच्या दिवशी मालकीणबाईंकडे तीन नवऱ्या होत्या. पहाटे त्या घाईघाईने आल्या आणि ट्रायलचे सगळे विसरून दोन छटा फिका चेहरा रंगवून मोकळ्या झाल्या. मेंदीचे हात मांडीवर, गळ्यात काळी पोत, आणि वर कुणा दुसऱ्याच मुलीचा चेहरा. खोलीत कुणी काही बोलेना. कोपऱ्यात बसलेल्या माझ्या आईने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, “ह्या काय गो चेडवा, तोंड एकाचा नि मान दुसऱ्याची?”

मालकीणबाई तोवर दुसऱ्या नवरीकडे निघाल्या होत्या. मागे राहिली ती खण उघडून दाखवणारी मुलगी. तिने काही न बोलता ओल्या कापसाने चेहरा पुसला, आपल्या डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर दोन बाटल्यांतले थेंब घेतले, बोटाने कालवले, भाचीच्या गळ्याजवळ हात नेऊन रंग ताडला, आणखी अर्धा थेंब घातला, पुन्हा ताडला. रंग जुळला तेव्हा तिच्या हातावरचा डाग गळ्यापासून वेगळा ओळखू येईना. मग वीस मिनिटांत चेहरा उभा केला. मंगल कार्यालयातले पंखे नावालाच होते आणि अकरापर्यंत सगळ्यांचे ब्लाउज पाठीला चिकटले, पण तो चेहरा टिकला आणि तो आमच्याच मुलीचा होता. फोटोग्राफरने पुढे अल्बममध्ये तिला पुन्हा पांढरे केले, तो भाग निराळा. ते फोटो आम्ही परत करून घेतले.

त्या मुलीच्या बोटांची कातडी सोललेली होती. केस सरळ करायची रसायने ती हातमोज्यांशिवाय लावते, आणि ते काम ज्या खोलीत चालते तिला खिडकी नाही. केसांवर इस्त्री फिरली की डोळे चुरचुरतात, हे मी ट्रायलच्या दिवशी पाच मिनिटांत अनुभवले. पगाराचे विचारल्यावर कळले की ती ‘शिकाऊ’ आहे, म्हणजे तिनेच कोर्सचे पैसे भरले आहेत आणि लग्नाच्या पहाटेचे तिला काही मिळत नाही.

बिल संध्याकाळी आले. रद्द केलेल्या दोन फेशियलचे पैसे वजा केलेले होते, याबद्दल मालकीणबाईंना मानले पाहिजे. क्रीमचे 800 रुपये मात्र लावलेले होते. मी ती ओळ खोडून रक्कम दिली, त्यांनीही वाद घातला नाही. 800 रुपये पाकिटात घालून मी त्या मुलीला दिले, तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिले, आणि मग पाकीट ओढणीत बांधले.