रिसीट नंबर खरा होता, अर्ज माझा नव्हता

अमेरिकेत ‘सिटिझन’शी लग्न झालंय आणि ग्रीन कार्डाची फाइल नवरा किंवा बायको बघतेय, अशा प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझ्या तेव्हाच्या नवऱ्याने माझा अर्ज केल्याचं मला सांगितलं, त्याची फी आणि ‘वकिलाचे’ पैसे माझ्याकडून घेतले, आणि प्रत्यक्षात माझ्या नावाचा एकही कागद इमिग्रेशनकडे गेला नव्हता. तो नागरिकही नव्हता.

मी शिकायला एफ-१ व्हिसावर आले होते. शिक्षण संपून ओपीटीवर (शिक्षणानंतर ठरावीक काळ नोकरी करायची परवानगी) नोकरी करत असताना आमचं लग्न झालं. काउंटीच्या कार्यालयात नोंदणी झाली, दोन्ही घरच्यांच्या आशीर्वादाने झाली. एच-१बीसाठी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसासाठी, कंपनीशी बोलायचं मी म्हटल्यावर तो म्हणाला, “आता त्याची काय गरज? मी पिटिशन टाकतोय, वर्क परमिट येईलच.” ओपीटी संपली, तशी नोकरी संपली. ओपीटीनंतर मिळणारे ६० दिवसही सरले. तो म्हणायचा की अर्ज पेंडिंग असला की देशात राहता येतं. ग्रीन कार्डाचा अर्ज खरोखर दाखल असेल तर ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच पटली.

कागद बघायला मागितला की तो फोनवरचा फोटो दाखवायचा. अर्ज पोचल्याची सरकारी नोटीस, आय-७९७सी, त्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला रिसीट नंबर. नोटिशीची वरची उजवी बाजू आणि नावं असलेल्या ओळी फोटोत नसायच्या. ‘वकील’ म्हणून ज्याच्याशी त्याने फोनवर बोलणं करून दिलं, तो दर वेळी “बॅकलॉग आहे ताई, धीर धरा” एवढंच सांगायचा.

एके दिवशी तो फोन चार्जिंगला लावून बाहेर गेला असताना मी तो नंबर उतरवून घेतला आणि यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) केस स्टेटसच्या पानावर टाकला. उत्तर एका क्षणात आलं: फॉर्म एन-४००, नागरिकत्वाचा अर्ज. नंबर अस्सल होता, पण तो त्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या अर्जाचा होता. हा अर्ज ग्रीन कार्डधारक करतो. म्हणजे लग्नाच्या वेळी तो ग्रीन कार्डधारक होता आणि अजूनही तोच होता.

हा फरक किती मोठा आहे ते नीट समजून घ्या. नागरिकाचा जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ धरला जातो. त्याला व्हिसा नंबरसाठी रांग नाही, आणि तो रीतसर तपासणी होऊन देशात आलेला असेल तर मुदत उलटून गेल्यावरही बहुतेक वेळा देशात राहूनच अर्ज करता येतो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराची वर्गवारी वेगळी, एफ-२ए. तिथे रांगही असू शकते आणि स्टेटस, म्हणजे देशात कायदेशीर राहण्याचा दर्जा, गेल्यावर ती सवलतही मिळत नाही. त्याच्या एका खोट्या शब्दामुळे मी देशात स्टेटसशिवाय उरले होते.

माझ्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांचा समज असा आहे की ग्रीन कार्ड ‘नवरा काढून देतो’. तसं नसतं. जोडीदार आय-१३० हे पिटिशन भरतो, त्यातून फक्त नातं सिद्ध होतं. त्याच्याबरोबरचा आय-१३०ए हा तुमच्या माहितीचा फॉर्म असतो आणि तुम्ही अमेरिकेत असाल तर त्यावर सही तुमची लागते. खरा ग्रीन कार्डाचा अर्ज म्हणजे आय-४८५. तो तुमचा, सही तुमची, वैद्यकीय तपासणी तुमची (ठरवून दिलेल्या सिव्हिल सर्जनकडेच), फोटो तुमचे. रिसीट नोटिसही तुमच्या नावावर येते. तुम्ही आय-४८५वर सही केली नसेल, कुणा डॉक्टरने तुम्हाला तपासलं नसेल, तर तुमचा अर्ज पेंडिंग नाही. समोरचा माणूस कितीही शपथा घेवो, नाहीच. खरा वकील तुमचं प्रतिनिधित्व करत असेल तर जी-२८ या फॉर्मवर तुमची सही घेतो, आणि त्याचं लायसन्स राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. आमच्या ‘वकिलाचं’ नाव तिथे नव्हतंच.

नागरिकत्वाचा पुरावा म्हणजे अमेरिकन पासपोर्ट, नॅचरलायझेशन सर्टिफिकेट किंवा तिथला जन्मदाखला. ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे, मोठं घर नव्हे, वीस वर्षांचं वास्तव्य तर नव्हेच. भारतात जन्मलेल्या माणसाबाबत आणखी एक खूण आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. त्यामुळे जो अजून भारतीय पासपोर्टवर प्रवास करतोय, तो अमेरिकन नागरिक झालेला असण्याची शक्यता फार कमी. लग्नाआधी हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्रिका आणि पगार विचारणारी आपली मंडळी हाच एक कागद विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि लग्न झालं की नागरिकत्व मिळालं, असंही नाही. कार्ड मिळतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते दोन वर्षांचं सशर्त कार्ड असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा असतो. घटस्फोट झाला किंवा छळ झाला असेल तर एकट्यानेही भरता येतो. नागरिकाबरोबर संसार चालू असेल तर कार्डानंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एरवी पाच.

मी जाब विचारला तेव्हा त्याने धमक्या सुरू केल्या. “तुझी फाइल बंद करतो.” “तू कार्डासाठी लग्न केलंस असं कळवतो.” माझा पासपोर्ट त्याने आधीच ‘सांभाळून’ ठेवला होता. दुसरी धमकी मला जास्त लागली, कारण खोट्या लग्नाला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे आणि पुढचे रस्ते कायमचे बंद होतात. (पैसे घेऊन कागदी लग्न लावून देणारे एजंट ही गोष्ट कधीच सांगत नाहीत.) पण माझं लग्न खोटं नव्हतं. आणि एकदा मिळालेलं ग्रीन कार्ड जोडीदाराला रद्द करता येत नाही. कार्ड मंजूर होण्याआधी तो आपलं पिटिशन मागे घेऊ शकतो, एवढंच. माझ्या बाबतीत तर मागे घ्यायलाही काही नव्हतं.

मला वाट सापडली ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत. आधी कुटुंबातल्या हिंसाचारासाठी असलेल्या राष्ट्रीय हॉटलाइनला फोन केला, १-८००-७९९-७२३३. तिथे दुभाष्या मिळतो. त्यांनी संस्थेचा पत्ता दिला. संस्थेतल्या वकीलबाईंनी पहिल्यांदा माझ्या नावावर यूएससीआयएसकडे काय आहे याची माहिती माहिती-अधिकाराखाली मागवली. काहीच नाही, हे लेखी आलं. मग त्यांनी आय-३६० या फॉर्मबद्दल सांगितलं. ‘व्हावा’ (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्ट) या कायद्याखाली नागरिकाने किंवा ग्रीन कार्डधारकाने छळलेला जोडीदार, स्त्री असो वा पुरुष, स्वतःचं पिटिशन स्वतः करू शकतो. मारहाण झालीच पाहिजे असं नाही, अतिशय क्रूर मानसिक छळही धरला जातो. घटस्फोट झाला असेल तरी त्यानंतर दोन वर्षांच्या आत करता येतं. स्टेटस गेलेलं असणंही इथे आड येत नाही. छळणाऱ्याला या अर्जाची माहिती द्यायला कायद्याने मनाई आहे.

माझं ते पिटिशन आता दाखल झालं आहे, आणि या वेळी नोटिशीवर माझं नाव आहे. वकीलबाईंनी पुरावा म्हणून दोघांच्या नावाचा घराचा करार, बँकेची स्टेटमेंट्स, लग्नाचे फोटो मागितले. पण सगळ्यांत आधी मागितले ते त्याचे मेसेज. असे मेसेज येत असतील तर रागाने किंवा भीतीने पुसून टाकू नका. त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर त्यांचे स्क्रीनशॉट आजच पाठवून ठेवा, आणि पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटोही.