बाळाच्या मेंदूतली सिस्ट: शंट की दुर्बीण?

डॉक्टरांनी ‘सध्या फक्त लक्ष ठेवू’ असं सांगितलं असेल तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. पुष्कळ अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या पाण्याने भरलेल्या पिशव्या, कधीच त्रास देत नाहीत. हे लिहितोय ते बाळाच्या डोक्याचा घेर झपाट्याने वाढतोय, टाळू फुगलीय आणि आता काहीतरी करावंच लागणार आहे, अशा आईबाबांसाठी.

आमच्या मुलावर दोन्ही झालं. तिसऱ्या आठवड्यात शंट, म्हणजे साचलेलं पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी नळी. पाचव्या महिन्यात दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपीने सिस्ट उघडणं. पहिल्या वेळी दुसरा पर्याय असतो हेच कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी निर्णय आम्ही घेतला.

ऑपरेशन म्हणून शंट सरळ आणि सगळ्यांच्या हातातला. १९५६ साली जॉन होल्टर या यंत्रकारागिराने स्वतःच्या मुलासाठी शंटचा व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बनवला आणि त्यानंतर या नळीने असंख्य मुलं जगवली. आमचाही मुलगा तिच्यामुळेच वाचला. दोन दिवसांत टाळू बसली, तो दूध ओढायला लागला. त्यामुळे शंटला नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं.

पण घरी आल्यावर जे सुरू झालं, त्यानेच पुढचा निर्णय ठरला. शंट तुंबल्याची लक्षणं कोणती? ओकारी, किरकिर, जास्तीची झोप, दूध नको म्हणणं. तान्ह्या बाळाचा कुठला आठवडा यांच्याशिवाय जातो? तो ओकला की माझी बोटं टाळूवर. रडताना टाळू ताठच लागते, म्हणून आधी त्याला शांत करायचं, उभं धरायचं आणि मग पुन्हा चाचपायचं. मऊ, किंचित खोलगट लागली, बोटाला ठोके जाणवले, की जीव भांड्यात पडायचा. शंका राहिली तर रात्री-अपरात्री बाळाला गुंडाळून सोनोग्राफीला. असे सहा वेळा गेलो. पाच वेळा काहीच निघालं नाही. सहाव्या वेळी ‘दात येत असतील’ म्हणून परत पाठवलं, आणि सकाळी त्याची बुबुळं खाली वळलेली दिसली. नळी तुंबली होती.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. मुलांना बसवलेल्या शंटपैकी साधारण ३० ते ४० टक्के पहिल्याच वर्षात बिघडतात. पुढे मूल वाढतं, नळी तोकडी पडते, ती पुन्हा बदलावी लागू शकते.

दुर्बिणीत छोट्याशा छिद्रातून आत जाऊन सिस्टची भिंत उघडतात. आमची सुप्रासेलर, म्हणजे मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीच्या वर होती, म्हणून एक खिडकी व्हेंट्रिकलकडे (मेंदूतली पाण्याची पोकळी) आणि दुसरी मेंदूच्या तळाच्या सिस्टर्नकडे (मेंदूभोवतीची पाण्याची जागा). अशा सिस्टमध्ये दोन खिडक्या असल्या तर परिणाम जास्त टिकतो. नळी त्याच वेळी काढली. मात्र तिसऱ्या दिवशी जखमेतून पाणी पाझरायला लागलं, एक टाका वाढवावा लागला. तान्ह्यांची कातडी पातळ असते, तिथे हे होतं. रक्तस्राव होऊ शकतो, खिडकी बुजू शकते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत ती भीती जास्तच. पण बुजायची ती बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत बुजते. शंटची टांगती तलवार मात्र वर्षानुवर्षं राहते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

अर्थात सिस्ट कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे. व्हेंट्रिकल किंवा सिस्टर्न शेजारी नसेल तर दुर्बीण खिडकी उघडणार कुठे? कानशिलाकडच्या काही सिस्टना कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली करणं बरं पडतं. आधी मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर पाणी शोषलं जाणंच मंदावलेलं असू शकतं, तिथे शंटच लागू शकतो. आणि सर्जनला स्पष्ट विचारा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांवर तुम्ही दुर्बिणीने किती केलीत? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं मत घ्या. तेवढा वेळ बाळाकडे नसेल, तर तिथे हातखंडा असलेला शंटच बरा.

बाकी सगळं जुळत असेल तर मी आधी दुर्बिणीचं विचारेन.

परवा तो जेवणानंतर ओकला. माझा हात सवयीने डोक्यावर गेला. टाळू केव्हाच भरलीय. तो खिदळत होता. बायकोने टेप लावून घेर मोजला, वहीत मागच्या महिन्याच्या आकड्याखाली लिहिला, आणि आम्ही दिवा मालवला.