जुन्या मस्टँगचे पुढचे सस्पेन्शन: शेल्बी ड्रॉप की मस्टँग-२ संच?

१९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) बसते, आणि वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक वरून बाहेर झुकून टायरची पकड घटते. यावरचा जुना उपाय म्हणजे शेल्बी ड्रॉप. शॉक टॉवरमध्ये (इंजिनाच्या बाजूचा, स्प्रिंगचे वरचे टोक धरणारा पत्र्याचा उभा भाग) साच्याच्या आधाराने नवी भोके पाडून वरच्या आर्मचा पिव्हट (ज्याभोवती तो फिरतो तो सांधा) सुमारे १ इंच खाली आणला, की स्प्रिंग दबताना चाकाचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० या मस्टँगवर आधारित स्पोर्ट्स गाडीमध्ये हेच केले होते. खर्च नगण्य; मात्र नंतर व्हील अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे.

मस्टँग-२ (फोर्डची सत्तरच्या दशकातली मस्टँग) हिच्या पुढच्या सस्पेन्शनच्या धाटणीच्या संचात शॉक टॉवर कापून नवा क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा तुळईसारखा भाग) वेल्ड करतात. त्यामुळे रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी आणि छोट्या गिअरवर चालणारे) स्टीअरिंग मिळते आणि रुंद इंजिनाला जागा होते. पण टॉवरवरचा भार आता चॅसीच्या पुढच्या पट्ट्यांवर येतो, म्हणून त्या गंजलेल्या असतील तर हा विचारच सोडावा.

इंजिन मूळचेच राहणार असेल, तर माझा कौल ड्रॉप, चांगले शॉक अब्सॉर्बर आणि १ इंची अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) यांना आहे. कापलेले टॉवर पूर्ववत करणे फार जिकिरीचे असते.