ईएसएक्सआयचा ४२७ पोर्ट: सेवा बंद, पॅच की वेगळं नेटवर्क?

ईएसएक्सआय म्हणजे एका सर्व्हरवर (होस्टवर) अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली. सीव्हीई-२०२१-२१९९५ (हा त्रुटीचा जाहीर नोंद क्रमांक) ही तिच्यातल्या ओपनएसएलपी सेवेतली त्रुटी. ४२७ पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही, लॉगिन न करता, हीपच्या (प्रोग्रामला दिलेल्या मेमरीच्या) हद्दीबाहेरचं वाचन घडवून सेवा पाडू शकतो. त्रुटीची तीव्रता दहापैकी मोजणारे सीव्हीएसएस गुण ५.३, म्हणजे मध्यम. ही सेवा चालवणारी एसएलपीडी ही वेगळी प्रोसेस असल्याने ती पडली तरी चालू व्हीएम चालूच राहतात, आणि म्हणून हे काम बऱ्याच ठिकाणी मागे पडतं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत, याच सेवेत, याच पोर्टवर सीव्हीई-२०२१-२१९७४ ही त्रुटी जाहीर झाली होती: हीप ओव्हरफ्लो, ८.८ गुण, होस्टवर थेट कोड चालवण्याची सोय. तेव्हा ५.३ चा आकडा बाजूला ठेवा आणि या सेवेची आपल्याला गरज तरी आहे का, ते आधी पाहा.

बहुतेकांना नसते. एसएलपीचा उपयोग सीआयएम क्लायंटना (हार्डवेअरची माहिती घेणाऱ्या टूलना) होस्ट आपोआप सापडावा एवढाच. हार्डवेअरवर नजर ठेवणारं एखादं टूल त्यावर विसंबून असेल तर त्याला होस्टचा पत्ता हाताने द्यावा लागेल.

सेवा बंद करायला रीबूट लागत नाही. एसएसएचने (दुरून कमांड चालवण्याच्या सोयीने) होस्टवर जा, एसएलपीची आकडेवारी पाहून सेवा वापरात नाही याची खात्री करा (वापरात असेल तर ती थांबत नाही), मग एसएलपीडी थांबवा. पुढे फायरवॉलमधला सीआयएमएसएलपी हा नियमसंच बंद करा आणि शेवटी चेककॉन्फिग या कमांडने एसएलपीडी ऑफ करा. ही शेवटची पायरी सुटली की पुढच्या रीबूटला सेवा परत उभी. काम झालं की एसएसएचही बंद करायचं.

पॅचने त्रुटी मुळातून जाते, ७.० मालिकेत ती अपडेट २ मध्ये दुरुस्त झाली. पण इथे होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये न्यायचा, व्हीएम दुसरीकडे हलवायच्या आणि रीबूट करायचा. उरलेल्या होस्टवर तेवढी मेमरी मोकळी हवी. पासथ्रू कार्ड (थेट एका व्हीएमला दिलेलं हार्डवेअर) जोडलेली व्हीएम व्हीमोशनने, म्हणजे चालू असताना, हलत नाही, ती बंदच करावी लागते. एकच होस्ट असेल तर सगळंच बंद. कमांड लाइनवरून करत असाल तर प्रोफाइल 'अपडेट' ही कमांड वापरा. 'इन्स्टॉल' वापरलंत तर सर्व्हर कंपनीचे वेगळे ड्रायव्हर उडतात आणि होस्ट नेटवर्क कार्डाशिवाय उठू शकतो.

मॅनेजमेंटचं व्हीलॅन, म्हणजे होस्ट सांभाळण्याचं नेटवर्क, वेगळं ठेवणं आणि ४२७ अडवणं हवंच, पण टीसीपी आणि यूडीपी दोन्ही अडवा. नुसती परवानगी असलेल्या आयपींची यादी पुरत नाही, कारण यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. शिवाय जंप सर्व्हर (त्या नेटवर्कमध्ये शिरण्याची वाट) एकदा हातातून गेला की ही भिंत संपली. तिच्या भरवशावर बाकीचं टाळू नका.

आमचं मत सरळ आहे: सेवा आजच बंद करा आणि पॅच पुढच्या मेंटेनन्स विंडोत लावा. ६.५ आणि ६.७ चं सर्वसाधारण समर्थन १५ ऑक्टोबर २०२२ ला संपलं, तिथे सेवा बंद ठेवून नव्या आवृत्तीवर जाण्याची तारीख ठरवा. ७.० अपडेट २सी आणि ८.० पासून एसएलपी मुळातच बंद येते, तरी एकदा तपासा. आणि होस्ट प्रोफाइल (होस्टच्या सेटिंगचा साचा) वापरत असाल तर हा बदल त्यातही करा, नाहीतर पुढच्या रेमेडिएशनला, म्हणजे साचा पुन्हा लागू करताना, जुनी सेटिंग परत येईल.