सागवान, पटाशी आणि डायमंड प्लेट: दीड वर्ष वापरून झाल्यावर

सागवानावर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, साग धार खातो. त्या लाकडातच सिलिका असते, म्हणजे एका अर्थी बारीक वाळूच, त्यामुळे सकाळी घासून ठेवलेली पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार, दुपारपर्यंत लाकूड कापायच्या ऐवजी दाबायला लागते. माझं काम मोठं नाही, गॅलरीत एक बाक आहे, चार पटाश्या, एक जॅक रंधा, आणि शनिवार-रविवार देवघर, पाट, छोटी कपाटं असं काहीबाही करत असतो, पण एका कुसूसाठी, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या लाकडाच्या जिभेसाठी, दोनदा धार लावायला उठावं लागलं की कामाची लयच जाते आणि मग माणूस आळस करून बोथट पटाशीनंच रेटत बसतो, आणि हात कापला जातो तो नेमका तेव्हाच, कारण बोथट हत्याराला जोर जास्त लागतो आणि ते घसरतं.

आधी माझ्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड होता. दगड वाईट नाही, आमच्या मिस्त्रींनी तसल्याच दगडावर आयुष्य काढलं. पण तो मधोमध झिजतो. सहा महिन्यांत त्याला असं खोलगट पोट पडलं की रंध्याचं पातं त्यावर घासलं की धार सरळ न येता धनुष्यासारखी यायची, आणि पटाशीची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट करायची तर विसरूनच जा. मग काचेवर वाळूकागद चिकटवून दगड सपाट करत बसायचं, म्हणजे हत्याराला धार लावायला दहा मिनिटं आणि दगडाला सरळ करायला अर्धा तास. डायमंड प्लेटकडे वळलो ते या एका कारणासाठी. जास्त धारदार होतं म्हणून नव्हे, प्लेट सपाट असते आणि सपाटच राहते म्हणून.

ही वस्तू म्हणजे काय ते आधी सांगतो कारण "डायमंड" शब्द ऐकून घरचे दचकतात. स्टीलची जाड पट्टी असते, तिच्यावर निकेलचा मुलामा चढवताना त्यात हिऱ्याचे बारीक कण अडकवलेले असतात. हे हिरे कारखान्यात तयार होतात, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी 1954 साली ते जमवलं आणि तेव्हापासून औद्योगिक हिरा स्वस्त होत गेला, म्हणून आपल्यासारख्यांना परवडतो. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की स्टील घासून हिरा फारसा झिजत नाही, पण त्याला धरून ठेवणारं निकेल पातळ असतं, आणि तुम्ही जोर लावला की कण जागेवरून निघतो. एकदा निघाला की गेला. कार्बोरंडमवर दाबून घासायची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा हीच सवय मोडावी लागते.

पहिली प्लेट मी ऑनलाइन घेतली, एका बाजूला 400 ग्रिट आणि दुसऱ्या बाजूला 1000 (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक), साडेसातशे रुपये. कंपनीचं नाव घेत नाही कारण तसल्याच प्लेट दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतात. किचनच्या सुऱ्यांना ती छान चालली, खरंच छान, अजून चालते. पण पटाशीची पाठ सपाट करायला घेतली आणि दोन तास घासूनही टोकाला चमक येईना, चमक फक्त मधे आणि कडेला मात्र जुने ओरखडे तसेच. मला वाटलं पटाशीच वाकडी आहे. मग गुण्याची (काटकोन्याची) पट्टी प्लेटवर उभी ठेवली, मागून मोबाईलचा टॉर्च धरला, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. म्हणजे प्लेट मधे फुगलेली. पातळ पत्रा प्लॅस्टिकच्या बेसवर चिकटवलेला होता, तो सरळ कसा राहणार. त्या दोन तासांत मी चांगल्या पटाशीची पाठ बिघडवली होती आणि ती परत सपाट करायला पुढचे दोन रविवार गेले, त्याचा राग मला अजून आहे. तेव्हा कुठलीही प्लेट घरी आली की आधी पट्टी आणि टॉर्च, लांबीत, रुंदीत आणि तिरकी, तिन्ही बाजूंनी बघा, उजेड दिसला तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा.

दुसऱ्या वेळी पैसे साठवून डीएमटी या अमेरिकन कंपनीच्या दोन प्लेट घेतल्या, आठ इंच लांब तीन इंच रुंद, सलग पृष्ठभागाच्या, एक कोर्स म्हणजे निळी आणि एक एक्स्ट्रा फाइन म्हणजे हिरवी. यांच्यात ग्रेड रंगावरून ओळखतात, काळा जाड कणांचा, मग निळा, मग लाल, मग हिरवा. निळ्याचे कण 45 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाल 25, हिरवा 9. मायक्रॉन मुद्दाम सांगतोय कारण ग्रिटचे आकडे फसवे असतात, हिरवी प्लेट 1200 मेशची म्हणतात पण जपानी पाण्याच्या दगडाचा (पाणी लावून घासतात तो) 1200 वेगळ्या मोजमापाचा असतो, दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना केली तर डोकं फिरेल. मायक्रॉन लिहिलेला असेल तर तोच बघा. माझ्या दोन्ही प्लेटखालून उजेड आला नाही.

नवीन प्लेट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फार खरखरीत वागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिरव्या प्लेटवर घासूनसुद्धा पटाशीच्या धारेवर एखादा खोल ओरखडा येतच होता, मला वाटलं माल खराब. तसं नसतं. काही कण बाकीच्यांपेक्षा उंच बसलेले असतात, ते आधी निघून जातात किंवा खाली बसतात आणि मग पृष्ठभाग एकसारखा होतो. म्हणून चांगलं हत्यार पहिल्या दिवशी घेऊ नका, जुन्या सुऱ्या, कात्र्या, स्क्रू ड्रायव्हरची टोकं असं घासून प्लेट सरावाला आणा, आणि हलक्या हातानं, प्लेट लवकर सरावावी म्हणून जोर लावायचा नाही.

आता माझी रोजची पद्धत. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, तेल नाही. पटाशीला 25 अंशाचा मूळ उतार (धारेकडची तिरकी बाजू) आणि टोकाला 30 चा अगदी बारीक दुसरा उतार, म्हणजे दर वेळी पूर्ण उतार घासावा लागत नाही, फक्त टोक. हातानं कोन धरता येत नसेल तर दोन बाजूंनी पकडणारी रोलरवाली जिग, म्हणजे कोन पक्का धरणारा साचा, घ्या, तिच्यात पटाशी 30 मिलिमीटर बाहेर काढली की 30 अंश आणि 40 काढली की 25, रंध्याच्या पात्याला हेच आकडे 38 आणि 50, मी बाकावरच लाकडाचे ठोकळे मारून ठेवलेत म्हणजे मोजायला नको. उतारावर मार्करनं काळं करा आणि दोनदा ओढा, काळं कुठून गेलं ते बघून कळतं की कोन बसला की नाही. निळ्या प्लेटवर तोपर्यंत घासायचं जोपर्यंत पाठीमागे पूर्ण रुंदीत बर येत नाही, बर म्हणजे धार पलीकडे वळून आलेली ती केसासारखी कड, डोळ्याला दिसत नाही पण बोटाचं पेर पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेनं अलगद नेलं की अडकते. बर आली नाही तर धार आलेली नाही, पुढच्या प्लेटवर जाऊन काही उपयोग नाही. लोक इथेच घाई करतात आणि मग प्लेटला नावं ठेवतात.

हिरव्या प्लेटवर आठ-दहा ओढी, पाठ एकदा सपाट फिरवून बर काढायची, आणि शेवटी लाकडाच्या फळीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा, त्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट. हा चामड्याचा भाग सोडू नका. 9 मायक्रॉनच्या पुढची जी सफाई लागते ती डायमंडमध्ये महाग पडते, तीन मायक्रॉनची प्लेट मिळते पण मला तिची गरज वाटली नाही, चामड्यावर वीस ओढी मारल्या की दंडावरचे केस जातात.

आमचे मिस्त्री, ज्यांच्याकडून मी रंधा मारायला शिकलो, ते एकदा घरी आले तेव्हा त्यांना प्लेट दाखवली. त्यांनी आधी नखानं खरवडून बघितली, मग वास घेतला, मग म्हणाले, "दादा, यावर तेल नको? दगड तेल पितो तेव्हा धार देतो." मी म्हटलं मिस्त्री, पाणीच, तुम्ही लावून बघा. त्यांनी स्वतःच्या पिशवीतली अर्ध्या इंचाची पटाशी काढली, जिचं पातं घासून घासून बोटाएवढं उरलं होतं, आणि पाच-सात वेळा ओढली, नेहमीसारखी दाबून. मी म्हटलं हलकं, हलकं. त्यांनी हात सैल सोडला आणि तेवढ्यात थांबून कान लावला, म्हणाले, "आवाज बदलला." खरंच बदलतो तो, धार टेकली की खरखर जाऊन सळसळ येते, मला दीड वर्षात हे शब्दात सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी सागाच्या एका तुकड्याचं टोक घेतलं, लाकडाच्या तंतूंना आडवं, आणि तिथून कांद्याच्या पापुद्र्यासारखं एक सालपट काढलं, न मोडता. ते सालपट त्यांनी उजेडात धरून बघितलं आणि जाताना प्लेट कुठे मिळते ते विचारलं.

घरातल्या सुऱ्यांबद्दल. आईला चकचकीत पॉलिश केलेली धार आवडत नाही आणि ती बरोबर आहे. स्टेनलेस स्टीलच्या नेहमीच्या सुरीला जरा दातेरी धार असली की टोमॅटोच्या सालीवर लगेच पकड घेते, खूप गुळगुळीत केली की दोन दिवसांत घसरायला लागते कारण स्टील मऊ असतं. म्हणून किचनसाठी 600 च्या आसपासची एकच बाजू पुरते, प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंश, पाच मिनिटांचं काम. फरक कोथिंबिरीत दिसतो. बोथट सुरीनं चिरली की ती चेचली जाते, हिरवं पाणी पाटाला लागतं आणि तासाभरात काळी पडते, धार असली की तशीच टवटवीत राहते, आईनं हे माझ्या आधी ओळखलं आणि आता दर पंधरा दिवसांनी सुऱ्या माझ्या बाकावर आणून ठेवते. विळीला मात्र मोठी प्लेट निरुपयोगी आहे. विळीचं पातं वळलेलं, पाटाला ठोकलेलं, प्लेटवर ते टेकवणार कसं. त्यासाठी कानशीसारखी दांडा असलेली छोटी डायमंड पट्टी मिळते, विळी भिंतीला टेकवून पट्टीच पात्यावरून फिरवायची, आणि हात पात्याच्या मागे ठेवून, धारेच्या दिशेला बोटं न नेता. ही पट्टी शंभर-दीडशे रुपयांची असली तरी चालते, इथे सपाटपणाचा प्रश्नच नाही. बागेतल्या कोयत्यालाही तीच.

तक्रारी आहेत. पाण्याच्या दगडावर धार लावताना जो मऊ, चिखलासारखा स्पर्श असतो तो इथे नाही, धातूवर धातू घासल्यासारखं वाटतं आणि काहींना ते अजिबात सहन होत नाही. जाड ग्रेडचे ओरखडे खोल असतात आणि काळ्यावरून थेट हिरव्यावर उडी मारली तर ते काढायला जन्म जातो, मधली एक पायरी हवीच. प्लेट ओली ठेवली तर गंजते, माझ्या निळ्या प्लेटच्या एका कोपऱ्यावर पावसाळ्यात तांबूस डाग आला, आता काम झालं की टूथब्रश, साबण, पाणी आणि फडक्यानं कोरडी. आणि एक चूक जी मी केली ती तुम्ही करू नका, जुना कार्बोरंडम दगड सपाट करायला मी निळी प्लेट वापरली. दगड सपाट झाला, पण त्याचे सुटे कण चिखलात फिरत राहतात आणि हिऱ्यांच्या बुडाचं निकेलच खातात, त्या दिवसानंतर प्लेटचा चावा स्पष्ट कमी झाला. दगड सपाट करायला काच आणि वाळूकागदच बरा.

फक्त किचनसाठी हवी असेल तर स्वस्तातली 400/1000 घ्या, निर्धास्त घ्या. पटाशी-रंधा असेल तर दोन स्वस्त प्लेटच्या पैशात एक चांगली, जाड पट्टीची प्लेट घ्या, तीसुद्धा आधी 25 मायक्रॉनची, सोबत चामडं, आणि दुसरी प्लेट वर्षभरानं. मी उलट्या क्रमानं घेतल्या म्हणून माझी मधली लाल अजून यायची आहे, ऑर्डर गेल्या आठवड्यात केली, आली की आधी पट्टी आणि टॉर्च.